लपवण्याचे रंग, दाखवण्याचे रंग : एका छोट्या स्पिटफायरच्या निमित्ताने

आमच्या महाविद्यालयातून काही वर्षांपूर्वी निवृत्त झालेले पदार्थविज्ञानाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक विमानांच्या प्रतिकृती तयार करतात. आम्ही मराठी विभागातील मंडळी त्यांच्याकडे जातो ती खरे तर चहासाठी आणि गप्पांसाठी. गेल्या पावसाळ्यात गेलो तेव्हा खिडकीपाशी मांडलेल्या टेबलावर एकास बहात्तर प्रमाणातील स्पिटफायर होते. पंखांचा विस्तार जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर. वरच्या बाजूला तपकिरी आणि हिरव्या रंगांचे नागमोडी पट्टे नुकतेच बसले होते, पोट मात्र अजून कोरे होते. शेजारी एक जुने छायाचित्र भिंगाखाली ठेवले होते : १९४० चा उन्हाळा, इंग्लंडमधले गवताळ मैदान, विमानात इंधन भरणारे तीन सैनिक. सर त्या छायाचित्राकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पोटाचा रंग कोणता द्यावा हे या फोटोवरून ठरत नाही. करडा दिसतो आहे. पण फोटोत सगळेच करडे."

आमच्यापैकी एकाने सहज म्हटले, "सर, याला आमच्याकडे पाठभेद म्हणतात." सर हसले, पण विषय हसण्यावारी गेला नाही. त्या संध्याकाळपासून आम्ही या छंदाच्या आणि त्यामागच्या रंगांच्या इतिहासाच्या मागे लागलो. साहित्याच्या अभ्यासकांनी विमानाच्या रंगात इतके गुंतावे काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्हालाही पडला होता. वाचत गेलो तसा तो मागे पडला.

प्रथम शब्दाविषयी. 'कॅमोफ्लाज' हा शब्द फ्रेंच. सोंग घेणे, वेष पालटणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने या कामासाठी स्वतंत्र पथक उभारले, तेव्हा त्याचे नेतृत्व गिरां द सेव्होला या चित्रकाराकडे दिले आणि पथकात चित्रकार, शिल्पकार, नाटकांचे पडदे रंगवणारे कारागीर भरती केले. म्हणजे युद्धाने ही विद्या घेतली ती रंगभूमीकडून आणि चित्रशाळेकडून. पॅरिसच्या रस्त्यावरून रंगवलेली तोफ जाताना पाहून पिकासोने हे तर आपणच केलेले आहे, घनवादच आहे हा, अशा अर्थाचे उद्गार काढल्याची आठवण गर्ट्रूड स्टाइन यांनी सांगितली आहे. तिच्यात पिकासोचा अभिमान किती आणि स्टाइनबाईंची रंगत किती हे वेगळे काढता येणार नाही. मराठीत आपण 'छद्मावरण' म्हणतो. शब्द शासकीय कोशातला वाटतो खरा, पण 'छद्म' या संस्कृत शब्दात कपटाची जी छटा आहे ती मूळ फ्रेंच शब्दापेक्षा या व्यवहाराच्या अधिक जवळची आहे.

चित्रकारांच्याही आधी या प्रश्नाचा विचार केला तो अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेयर याने. मात्र त्याचा विषय युद्ध नव्हता, पशुपक्षी होते. हरणाची पाठ गडद आणि पोट फिकट का असते? वरून येणारा प्रकाश पाठ उजळवतो आणि पोटावर सावली पाडतो. रंगांची योजना नेमकी उलट असल्यामुळे दोन्हींचा मेळ बसून प्राण्याची घनता नाहीशी होते, तो सपाट दिसतो, म्हणजेच दिसेनासा होतो. हे त्याने १८९६ मध्ये मांडले. पुढे १९०९ च्या ग्रंथात हा सिद्धान्त त्याने इतका ताणला की रोहित पक्षी गुलाबी असतात ते सूर्यास्ताच्या आकाशात मिसळून जाण्यासाठी, असेही प्रतिपादन केले. थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याची यथेच्छ टर उडवली. एका सिद्धान्ताच्या प्रेमात पडलेला समीक्षक प्रत्येक कवितेत तोच सिद्धान्त कसा शोधतो, याची आठवण आम्हाला येथे झाली. नावे घेत नाही. गंमत अशी की दुसऱ्या महायुद्धात ढगांच्या अगदी खालून जाऊन छायाचित्रे टिपणारी काही स्पिटफायर विमाने ब्रिटिशांनी खरोखरच फिकट गुलाबी रंगवली. रोहित पक्ष्यांच्या बाबतीत थेयर चुकला, विमानांच्या बाबतीत बरोबर ठरला.

आता सरांच्या टेबलावरील विमानाकडे येऊ. पहिले महायुद्ध संपल्यानंतर ब्रिटिश हवाई दलाची लढाऊ विमाने पुन्हा चंदेरी झाली होती. त्यांवर तुकड्यांचे रंगीबेरंगी पट्टे आणि चौकटी असत, एखाद्या मिरवणुकीत शोभावे तसे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात युद्धाची चाहूल लागली आणि हा थाट संपला. स्पिटफायर ४ ऑगस्ट १९३८ रोजी डक्सफर्ड येथील १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले ते अंगावर मातकट तपकिरी आणि गडद हिरवा रंग लेऊनच. हे रंग इंग्लंडच्या ग्रामीण भूमीचे आहेत : नांगरलेली शेते, कुंपणांच्या झुडपी, गवत. विमान जमिनीवर उभे असताना वरून येणाऱ्या शत्रूला ते शेताचाच तुकडा वाटावे, हा हेतू. पट्ट्यांची आखणीही मनमानी नव्हती. अधिकृत आराखडा होता, त्याचे एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असलेले दोन प्रकार होते आणि प्रारंभी ते एकाआड एक विमानांना देत, म्हणजे रांगेत उभी असलेली विमाने वरून एकसारखी दिसू नयेत.

हे रंग पुढे बदलत गेले, आणि आम्हाला सर्वाधिक गुंतवून ठेवले ते या बदलांनी. १९४० मधील इंग्लंड बचावाच्या पवित्र्यात होते. धावपट्टीवरचे विमान वाचवणे हा पहिला प्रश्न होता, म्हणून रंग जमिनीचा. १९४१ पासून ब्रिटिश लढाऊ विमाने खाडी ओलांडून फ्रान्सवर जाऊ लागली, झुंजी समुद्रावर आणि उंच आकाशात होऊ लागल्या, आणि ऑगस्ट १९४१ मध्ये तपकिरी रंगाची जागा सागरी करड्या रंगाने घेतली. तो नवा करडा रंग सुरुवातीला पुरेसा उपलब्ध नव्हता, तेव्हा सात भाग मध्यम करडा आणि एक भाग काळा असे मिश्रण तळावरच करण्याची सोय देण्यात आली होती. उत्तर आफ्रिकेत गेलेल्या विमानांनी वाळूचा पिवळसर रंग आणि पोटाला निळा घेतला. युद्धाचा नकाशा हाती नसला आणि केवळ रंगांचे आदेश क्रमाने वाचले तरी लढाई कोठून कोठे सरकली याचा बराचसा अंदाज येतो. सैन्याच्या हालचालींची बखर म्हणून कोणी हे आदेश लिहिले नव्हते. तरी ती बखर त्यांत उतरली आहे.

पोटाचा प्रश्न अधिक अवघड, कारण तेथे दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. विमान शत्रूला दिसू नये आणि आपल्या माणसांना मात्र ओळखू यावे! ६ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध जाहीर होऊन पुरते तीन दिवसही झाले नव्हते, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ ७४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधील स्पिटफायर विमानांनी स्वतःच्याच बाजूची दोन हरिकेन विमाने पाडली. त्यांपैकी एका विमानाचा चालक माँटेग्यू हल्टन-हॅरप ठार झाला. त्या युद्धात मरण पावलेला तो ब्रिटिश लढाऊ विमानाचा पहिला चालक. आणि स्पिटफायरने पाडलेले पहिले विमान ते हरिकेन. 'बार्किंग क्रीकची लढाई' असे एक कडवट नाव या प्रसंगाला मिळाले. जमिनीवरच्या निरीक्षकांना ओळख पटावी म्हणून त्या काळात ब्रिटिश लढाऊ विमानांचे पोट अर्धे काळे आणि अर्धे पांढरे रंगवीत. ओळख पटावी यासाठी त्याहून ठळक आणि लपण्यासाठी त्याहून वाईट योजना शोधूनही सापडणार नाही.

जून १९४० मध्ये ही पद्धत मागे पडली आणि पोटासाठी 'स्काय' नावाचा फिकट, हिरवट छटेचा रंग आला. त्याचे मूळ सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकडे जाते. हेस्टनच्या तळावर टेहळणीच्या विमानांसाठी त्याने तो तयार करवून घेतला होता. आदेश निघाला, पण रंग सर्वत्र पोहोचला नाही. आदेश पाळायचा तर होता. तेव्हा ठिकठिकाणच्या तळांवर हाती असलेल्या रंगांतून जो तो आपापले 'आकाश' बनवू लागला : कोठे निळसर, कोठे हिरवट, कोठे जवळजवळ करडे. १९४० च्या त्या उन्हाळ्यात, ज्या लढाईवर इंग्लंडचे भवितव्य अवलंबून होते त्याच काही आठवड्यांत, एकाच आदेशाखाली उडणाऱ्या विमानांच्या पोटांचे रंग वेगवेगळे होते. सरांची अडचण ही होती. मूळ संहिता एकच, आणि लेखनिकांनी तिच्या प्रती आपापल्या कुवतीने व शाईने उतरवून घेतल्या, असा हा प्रकार.

त्यात साक्षीदारही धड नाहीत. त्या काळची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल, आणि कृष्णधवल फिल्म रंगांशी प्रामाणिक नसते. ऑर्थोक्रोमॅटिक प्रकारच्या फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून तो काळा पडतो; पिवळाही गडद होतो आणि निळा फिकट. त्यामुळे विमानाच्या अंगावरील वर्तुळचिन्हाच्या बाहेरचे लख्ख पिवळे कडे काही छायाचित्रांत जवळजवळ काळे दिसते. कोणी त्यावरून सिद्धान्त मांडायला बसला तर एक नवेच चिन्ह जन्माला घालील. मागे उरलेले धातूचे तुकडे हाही पुरावा आहे. पण रंगातील तेल काळाने पिवळे पडते. जपानी झिरो विमानांच्या मूळ रंगाविषयी, तो करडा होता की मधाच्या किंवा गोळीच्या पाकाच्या छटेचा, अभ्यासकांत जो दीर्घ वाद चालला त्याच्या मुळाशी हेच आहे : आज तुकड्यावर दिसतो तो रंग कारखान्याने दिलेला की वर्षांनी आणलेला? आणि माणसांची स्मृती? ज्या मेकॅनिकने शंभर विमाने पुसली त्याला रंग आठवतो. पण तो त्या विमानाचा, की नंतर पाहिलेल्या चित्रपटातील विमानाचा, हे त्यालाही सांगता येत नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिच्या संपादकांसमोर याच जातीचे प्रश्न होते. त्याही आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्या समोर होते. लेखनिकाच्या हातून अवघड शब्दाचा सोपा होतो, सोप्याचा अवघड सहसा होत नाही. म्हणून अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. प्रतिकृतिकारही हेच तत्त्व वेगळ्या शब्दांत पाळतात. छायाचित्रात नियमाला सोडून काही दिसले, पट्टा भलतीकडे वळला असला, चिन्ह वेड्यावाकड्या जागी असले, तर ते दुरुस्त करायचे नाही. ते तसे का झाले असेल ते शोधायचे. नियमाप्रमाणे रंगवलेले विमान कोणालाही कल्पनेने रंगवता येते. नियम मोडलेले विमान कोठेतरी खरोखर उभे असावे लागते.

रंगांच्या या इतिहासात आपलाही एक धागा आहे. जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि ब्रिटिश चिन्हाच्या मध्यभागीही लाल वर्तुळ. क्षणार्धात निर्णय घेणाऱ्या तोफचीला तेवढे साम्य पुरेसे होते. म्हणून भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश चिन्हातील लाल रंगच काढून टाकण्यात आला. गडद निळ्यात फिकट निळे असे छोटे चिन्ह आले. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली १ क्रमांकाच्या भारतीय स्क्वाड्रनची हरिकेन विमाने लढली ती या चिन्हाखाली. त्याच वर्षी ८ क्रमांकाच्या भारतीय स्क्वाड्रनला स्पिटफायर मिळाली. साम्राज्याच्या चिन्हातील तांबडा ठिपका साम्राज्याच्याच हुकुमाने पुसला गेला होता आणि त्या चिन्हाखाली भारतीय तरुण लढत होते. त्या तरुणांची निष्ठा कोणाशी, हा प्रश्न त्यांच्या पिढीला टाळता आला नसेल. १९४७ नंतर काही काळ त्या जागी अशोकचक्र आले, पुढे तिरंगी वर्तुळ. काश्मीरमध्ये १९४७-४८ साली लढलेल्या टेंपेस्ट आणि स्पिटफायर विमानांचा साचा जुनाच होता. बाजारात मिळणाऱ्या संचांत बहुधा ब्रिटिश चिन्हेच येतात. भारतीय विमान करायचे तर चिन्हे वेगळी मिळवावी लागतात किंवा हाताने रंगवावी लागतात. सरांच्या कपाटात असे एक हरिकेन आहे. त्यावरील निळी वर्तुळे त्यांनी चार वेळा पुसून पाचव्यांदा काढली.

आता ज्या साधनाने हे रंग बसतात त्या एअरब्रशविषयी. १८७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा राज्यात अ‍ॅब्नर पीलर याने त्याचा आद्य अवतार बनवला, आणि १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक याने त्याला आजच्या जवळ जाणारे रूप दिले. पेनासारखी धरायची नळी, आत सुई, मागून दाबाखालील हवा. सुई मागे ओढावी तसा रंग अधिक सुटतो आणि धुक्यासारखा बसतो. ब्रशाचा फराटा उमटत नाही, म्हणजेच रंगवणाऱ्याच्या हाताची खूण राहत नाही. छायाचित्रकारांना हे साधन आवडले ते याचसाठी. चेहऱ्यावरचा डाग घालवा, पार्श्वभूमी मऊ करा, कोणाला कळणार नाही.

आणि कोणाला कळणार नाही याचा पुरेपूर लाभ स्टालिनच्या राजवटीने घेतला. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनच्या शेजारी उभा असलेला गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९४० मध्ये येझोवला गोळी घातली गेली आणि छायाचित्राच्या नंतरच्या आवृत्तीत त्याच्या जागी फक्त पाणी आले. डेव्हिड किंग यांनी १९९७ च्या 'द कॉमिसार व्हॅनिशेस' या पुस्तकात अशी कितीतरी छायाचित्रे जोडीजोडीने छापली आहेत. ती पाहताना अंगावर काटा येतो तो पुसलेल्या माणसांमुळे, आणि त्याहून अधिक पुसण्याच्या सफाईमुळे. येझोवने स्वतः हजारोंना असेच नाहीसे केले होते हेही खरे.

हे साधन सरांच्या हातात पाहून आम्ही थोडे चरकलोच. पण येथे त्याचे काम उलट आहे. मूळ विमान न दिसण्यासाठी रंगवले होते. सर त्याच आराखड्याने त्याची प्रतिकृती रंगवतात ती दिसावे म्हणून. खऱ्या विमानावर दोन रंगांच्या सीमेवर फवाऱ्याची पुसट कड असे. ती पंचवीस मिलिमीटर रुंद धरली तर बहात्तरांश प्रमाणात साधारण एक तृतीयांश मिलिमीटर होते. ही कड साधण्यासाठी सर कागदाचे आकार कापून ते पृष्ठभागापासून किंचित उचलून धरतात, खाली चिकट मातीचे बारीक वळसे देऊन. रंग दुधाइतका पातळ करतात, हवेचा दाब कमी ठेवतात आणि नळी एका कोनात धरतात. दाब वाढला की रंग वाटेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. रंग फार पातळ झाला की कोळ्याच्या पायांसारखा पसरतो. त्यांनी आमच्यापैकी एकाला नळी हातात दिली. परिणाम सांगण्याजोगा नाही.

रंगाची छटाही जशीच्या तशी घेऊन चालत नाही. तीस सेंटिमीटरवरून पाहिलेली ही प्रतिकृती म्हणजे सुमारे साडेएकवीस मीटरवरून पाहिलेले विमान. मधल्या हवेने रंग थोडा फिका पडतो असे मानून प्रतिकृतिकार मूळ रंगात पांढऱ्याचा अंश मिसळतात. किती मिसळावा यावर त्यांच्यात हिरिरीचे वाद आहेत. आमच्या मते हा अनुवादाचा प्रश्न आहे. शब्दाला शब्द ठेवला की मूळाचा परिणाम हरवतो, आणि परिणामामागे धावले की शब्द हरवतो. सर म्हणतात, "मी अंतर रंगवतो."

प्रतिकृती ही वस्तू मुलांच्या खेळण्यांतून आली असा आमचा समज होता. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये 'फ्रॉग पेंग्विन' नावाने प्लॅस्टिकचे पहिले संच आले ते बहात्तरांश प्रमाणात, तेथवर तो बरोबर आहे. पण १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांना पाच लाख लाकडी प्रतिकृती बनवण्याचे आवाहन केले, त्याच प्रमाणात, शत्रूच्या आणि मित्रांच्या विमानांच्या. त्या सर्व काळ्या रंगवायच्या होत्या. तोफची आणि वैमानिक त्या आकाशासमोर धरून आकृती ओळखायला शिकत. रंग आणि तपशील जाणूनबुजून वगळलेले, फक्त छाया. हल्टन-हॅरपसारखे मरण पुन्हा येऊ नये, आणि ज्याला मारायचे तो नेमका ओळखता यावा, अशी दोन्ही कामे ती काळी खेळणी करत होती. आजचा प्रतिकृतिकार सीटच्या पट्ट्यांची बक्कलेसुद्धा शिशाच्या पत्र्यातून कापतो आणि ब्रेकची नळी म्हणून केसासारखी तार चिकटवतो. छायेपासून बक्कलापर्यंतचा हा प्रवास शांततेच्या काळाचा आहे.

तपशिलाच्या या हौसेत एक फसगतही आहे. वर्गात वास्तववाद शिकवताना आम्ही जे म्हणतो ते येथेही लागू पडते : तपशील पुष्कळ झाला की तो सत्य वाटू लागतो. प्रदर्शनांत मांडलेल्या कित्येक प्रतिकृतींवर गंजाचे ओघळ, तेलाचे डाग आणि उडालेल्या रंगाचे कपचे इतके असतात की असे विमान कोणत्याही मेकॅनिकने उडू दिले नसते. ही झीज म्हणजे आता एक शैली झाली आहे, रडक्या नाटकात ठरावीक ठिकाणी ओघळणाऱ्या अश्रूंसारखी. काही गोष्टी मात्र नेमाने गाळल्या जातात. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या संचांच्या वेष्टनावरील चित्रांत नाझी विमानांच्या शेपटीवरील स्वस्तिक नसते, चिन्हांच्या पानावरही ते वगळलेले किंवा तुकडे केलेले असते. कायद्यामागची वेदना आम्ही समजू शकतो, आणि त्या देशाने आपल्या भूतकाळाशी ज्या गांभीर्याने व्यवहार केला त्याविषयी आदरच आहे. तरीही ते विमान रिकाम्या शेपटीने कपाटात उभे राहते तेव्हा ते एक देखणे, निरपराध यंत्र होते. हा आमच्यातील वादाचा मुद्दा आहे. आम्हा चौघांपैकी दोघांना स्वस्तिक नसणेच योग्य वाटते.

कोणत्याही प्रतिकृतीत न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रंगवणारे हात. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या पंखांना कापड असे आणि ते ताणून बसावे म्हणून त्यावर 'डोप' नावाचे रोगण देत. हे काम करणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्या रोगणातील टेट्राक्लोरोइथेनच्या वाफांनी यकृत निकामी होऊन अनेक जणींना विषारी कावीळ झाली, काही दगावल्या. ब्रिटनमध्ये त्याचा वापर थांबला तो १९१६ मध्ये. त्या काळच्या विमानांच्या सुंदर प्रतिकृती आम्ही छायाचित्रांत पाहिल्या. कापडाखालून जाणवणाऱ्या पंखांच्या फासळ्याही त्यांत अचूक उतरल्या होत्या. एअरब्रश हाताची खूण ठेवत नाही असे वर म्हटले. कारखान्यातील त्या बायकांच्या बाबतीत ही खूण इतिहासानेही फारशी ठेवली नाही. सर काम करताना तोंडावर मुखवटा लावतात आणि खिडकी उघडी ठेवतात. त्यांनी ही हकीकत आमच्याकडून ऐकली तेव्हा कॉम्प्रेसर बंद केला आणि काही वेळ काहीच बोलले नाहीत.

गणपतीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो. पोटाचा प्रश्न सरांनी सोडवला होता : त्या तळावरच्या दुसऱ्या एका छायाचित्राशी तुलना करून, निळसर छटेकडे झुकणारा फिकट हिरवा. तो निर्णय संपादकाचा होता आणि चूक ठरू शकतो हे त्यांनीच सांगितले. पण आता वेगळीच गोष्ट अडली होती. पहिल्या स्पिटफायरला आठ मशीनगन असत, प्रत्येक पंखात चार. पंखाच्या पुढच्या कडेवरील त्यांच्या भोकांवर उड्डाणापूर्वी कापडाचे तुकडे रोगण लावून चिकटवीत, आत धूळ आणि दमट हवा जाऊ नये म्हणून. ते तुकडे बहुधा लाल असत. पहिली गोळी सुटली की कापड फाटे. त्यामुळे विमान परत येताना लांबून पाहणाऱ्या मेकॅनिकला कळे : लाल ठिपके शाबूत असतील तर याने गोळी झाडलेली नाही; फाटलेले असतील आणि पंखाखाली काजळीचे ओघळ असतील तर वर काहीतरी घडून आले आहे.

छायाचित्रात पंखाची ती कड इंधनाच्या टँकरमागे गेली होती. आदेश, आराखडे, रंगांच्या चिठ्ठ्या, कशातूनच याचे उत्तर येणार नव्हते. आठ लाल ठिपके रंगवायचे की आठ काळी, कातरलेली भोके? रंगाच्या बाबतीत पुरावा शोधता येतो. येथे ठरवायचे होते ते असे की या विमानाने त्या दिवशी कोणाला मारण्याचा प्रयत्न केला की नाही. आमच्यापैकी एकीने सुचवले की ठिपके शाबूत ठेवावेत, विमान अजून निघायचे आहे असे समजून. इंधन भरणारी माणसे पाहता तेही सुसंगत होते. सर म्हणाले, इंधन परतल्यावरही भरतात.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा विमान कपाटात होते. पंखाच्या कडेवर लाल रंग दिसला नाही. सरांनी ते उचलून आमच्या हाती दिले आणि उलटे करून पाहायला सांगितले. फिकट हिरव्या पोटावर, आठही बंदुकांच्या मागे, काजळीच्या केसासारख्या बारीक रेषा ओढलेल्या होत्या. कपाटात ठेवले की त्या दिसत नाहीत.